कपडे किनाऱ्यावर ठेवावेत

परीक्षित कानविंदेइतका नाकासमोर चालणारा माणूस इंग्लंडातल्या अख्ख्या मेडनहेड गावात शोधून सापडला नसता. दह्याचे रिकामे डबे तो धुऊन, पुसून, झाकण वेगळं करून रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकायचा. रस्त्यावर दोन्ही बाजूंना चिटपाखरू नसलं तरी सिग्नलचा लाल माणूस हिरवा होईपर्यंत थांबायचा, आणि मागून येऊन खुशाल रस्ता ओलांडणाऱ्या पोराटोरांकडे कीव केल्यासारखं बघायचा. अशा माणसाने जूनमधल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजता, केंटच्या पार टोकाला, डंजनेसच्या किनाऱ्यावर उभं राहून अंगावरचे सगळे कपडे काढावेत, ही गोष्ट कुणाला शपथेवर सांगितली तरी पटली नसती. पण त्याने ते नियम होता म्हणूनच काढले. हा माणूस दुसऱ्या कशासाठी काही करतच नाही.

नियम होता पाचव्या डब्याचा. जिओकॅशिंग हा प्रकार ठाऊक नसेल तर एवढंच समजा, की कुणीतरी एक डबा रानात, पुलाखाली, दगडाच्या फटीत लपवून ठेवतं, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं, आणि बाकीचे रिकामटेकडे ते जीपीएसच्या यंत्रात घालून डबा हुडकत फिरतात. डब्यात एक चिमुकली वही असते. तीत नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी यायचं. बक्षीस वगैरे काही नाही. पुण्याहून इथे आल्या आल्या, मायरा पाच वर्षांची असताना, तिला चालायची सवय लागावी म्हणून परीक्षितने हे सुरू केलं. वर्षभरात मायरा कंटाळली आणि बाप नादी लागला.

कपडे काढायची भानगड मागच्या उन्हाळ्यातली. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचा एक डबा नेमका एका पाटीच्या पलीकडे निघाला. पुढे विवस्त्र लोक दिसू शकतात, असं पाटीवर लिहिलं होतं. परीक्षित पाटीसमोर पंधरा मिनिटं उभा होता. 'दिसू शकतात' म्हणजे कपडे काढलेच पाहिजेत असं नव्हे, हे त्याला कळत होतं. पण पँट घालून आत शिरणं त्याला रांग मोडल्यासारखं वाटलं. शेवटी त्याने सगळं काढलं, डबा शोधला, वहीत नाव लिहिलं आणि परत येऊन कपडे घातले. कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तो जेवला आणि सात तास गाढ झोपला, जे गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

मग त्याला 'ओल्ड मॅकरेल' सापडला. हे वेबसाइटवरचं टोपणनाव. खरा माणूस कोण, म्हातारा की तरुण, कुणास ठाऊक. या महाशयांनी समुद्राकाठच्या आडबाजूच्या, वाट नसलेल्या जागांवर पाच डबे लपवले होते, खास नागड्याने चालणाऱ्यांसाठी. नियम त्यांनी आपल्या मनाने घालून दिले होते. पायात बूट आणि डोक्यावर टोपी चालेल. फोन अजिबात नको, कारण फोन म्हणजे कॅमेरा. आणि कपडे किनाऱ्यावर ठेवावेत. पिशवीत भरून बरोबर नेले तर ते नागडं चालणं नव्हे, नुसती हमाली. हे नियम पाळले की नाही ते बघायला कोण बसलंय? बाकीचे नक्की पिशवी घेऊन जात असणार. परीक्षितने पहिले चार डबे शब्दाला शब्द धरून शोधले.

पूर्वीला, म्हणजे त्याच्या बायकोला, डबे माहीत होते. कपडे माहीत नव्हते. सांगावं असं त्याच्या मनात पुष्कळदा आलं, पण वाक्य कुठून सुरू करायचं ते सुचलं नाही.

आणि आता तर न सांगितलेल्या गोष्टी एकाच्या दोन झाल्या होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी चार वाजता, मॅनेजरने अर्ध्या तासाची मीटिंग टाकली आणि ती सात मिनिटांत संपवली. त्याची जागा 'ॲट रिस्क' होती. म्हणजे काढलेलं नाही, पण काढू शकतो. महिनाभर कन्सल्टेशन, म्हणजे चर्चा, मग बघू. सोमवारी तेच सगळं पत्राने आलं. परीक्षित त्याही दिवशी घरून काम करत होता, म्हणून पूर्वीने पाहायच्या आधी दारातल्या पायपुसण्यावरून ते त्याला उचलता आलं. त्यांची पाच वर्षं पूर्ण व्हायला चार महिने राहिले होते. पाच वर्षं झाली की कायम राहायचा अर्ज करता येतो. त्याआधी नोकरी गेली तर साठ दिवसांत नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा उचलणारी कंपनी, शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. शिवाय पाचाची दहा वर्षं होणार, अशी बातमी दर आठवड्याला कुणीतरी ग्रुपवर टाकत होतंच. पूर्वीने त्या अर्जासाठी एक निळी फाइल केली होती. पाच वर्षांचा एकेक कागद तारखेने लावलेला, रंगीत चिकटपट्ट्या लावून. अर्ज झाला की स्वयंपाकघराच्या भिंतींना रंग द्यायचा, असं तिने ठरवलं होतं, आणि रंगाचे नमुने फ्रिजवर चिकटवले होते.

पहिल्या दिवशी त्याने तिला सांगितलं नाही, कारण मायराला पोहण्याचा बॅज मिळाला होता आणि घरात पिझ्झा आला होता. दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही, कारण पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं. पुढे ते वाढतच गेलं. "झोप का नाही रे तुला?" तिने दोनदा विचारलं. "हे-फीव्हर," तो परागकणांवर ढकलून म्हणाला, आणि ते खरं वाटावं म्हणून दोन शिंकाही काढल्या.

पत्र फाडून टाकायचं ना! पण व्हिसावरचा माणूस लेटरहेड असलेला कागद फाडत नाही. ते त्याच्या हातून होणंच शक्य नव्हतं. कंपनीचा प्रत्येक कागद जपून ठेवा, असं सॉलिसिटरने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. घरात ठेवावं तर पूर्वीला सापडणार. म्हणून तीन आठवडे ते पत्र त्याच्या पँटच्या मागच्या खिशात होतं. पँट बदलली की पत्रही खिसा बदलायचं. दिवसातून पन्नास वेळा त्याचा हात मागे जाऊन खिसा चाचपायचा. मीटिंगमध्ये, जिन्यावर, भाजी चिरताना. बसला तर पाय हलत राहायचा, उभा राहिला तर चालत सुटायचा.

तर असा हा माणूस त्या शनिवारी "ऑफिसमधल्यांबरोबर डबे शोधायला जातोय" असं सांगून पहाटेच गाडी घेऊन निघाला. ऑफिसमधलं कुणी बरोबर नव्हतं, हे सांगायला नकोच.

डंजनेस म्हणजे नुसता गोट्यांचा माळ. झाड नाही, सावली नाही. काळ्या लाकडी झोपड्या इकडे तिकडे टाकून दिलेल्या, दोन दीपस्तंभ, आणि टोकाला बंद पडलेलं अणुवीज केंद्र. लोक याला इंग्लंडचं एकुलतं एक वाळवंट म्हणतात. हवामान खात्याला ते मान्य नाही, हे परीक्षितने आधीच वाचून ठेवलं होतं. शिवाय या देशात नुसतं नागडं चालणं हा गुन्हा नाही, कुणाला त्रास द्यायच्या हेतूने चाललं तरच आहे, हेही त्याने तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचून खात्री करून घेतली होती. पण कायदा वाचणं वेगळं आणि तो आपल्यालाही लागू आहे यावर विश्वास बसणं वेगळं.

लोकवस्तीपासून लांब, किनाऱ्यावर एक मोडकी होडी पालथी पडली होती. तिच्या समुद्राकडच्या अंगाला, रस्त्यावरून दिसणार नाही अशा बेताने तो उभा राहिला. पाणी दहा पावलांवर होतं. त्याने हळदी रंगाचा शर्ट काढला. पूर्वीने घेतलेला, फार भडक आहे म्हणून तो फक्त गावाबाहेर घालायचा. मग बनियन, मग पँट. प्रत्येकाची नीट घडी घातली, बाह्या आत, कॉलर वर, दुकानात ठेवतात तशी. गाडी चालवताना घातलेली सँडल्स शेजारी शेजारी जुळवून ठेवली आणि बूट चढवले. मागे एकदा फटीत हात घालताना लग्नातली अंगठी निसटून पडली होती, आणि ती शोधण्यात पूर्वीने सगळा रविवार घालवला होता. तेव्हापासून डबा शोधायला निघताना तो अंगठी काढतो. ती त्याने रुमालात बांधून सँडलमध्ये ठेवली. गाडीची किल्ली, घड्याळ, सायलेंटवर टाकलेला फोन, सगळं शर्टाच्या घडीत. वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक सपाट गोटा. मागे सरकून त्याने एकदा सगळं पाहून घेतलं. छान दिसत होतं. मग डोक्यावर टोपी, गळ्यात जीपीएसचं यंत्र, हातात पाण्याची बाटली आणि कानामागे पेन अडकवून तो वाट सोडून माळावर चालू लागला.

गोट्यांवर चालणं म्हणजे एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. बुटाखाली खडखड आवाज होत होता. मधूनच कोबीसारखी जाड पानांची झुडपं उगवलेली. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून तो वळसे घेत होता. ऊन पाठीवर पडलं, मग पोटावर. वारा जिथे कधी लागत नाही तिथे लागला. दहा मिनिटांनी त्याचा उजवा हात सवयीने मागे गेला, आणि तिथे खिसा नव्हता. नुसतं त्याचं स्वतःचं अंग होतं, उन्हाने तापलेलं. परीक्षितला एकट्यालाच हसू आलं. त्याच्यासारखा मोठ्याने न हसणारा माणूस त्या माळावर खो खो हसला. पुढचा तासभर त्याला नोकरी नव्हती, व्हिसा नव्हता, काहीच नव्हतं. तो फक्त सव्वा मैल उत्तर-पश्चिमेला जात होता.

जुन्या काळच्या कोळ्यांनी मासे ओढून नेण्यासाठी घातलेले गंजके रूळ एका जागी गोट्यांत बुडाले होते. तिथे, शेवटच्या रुळाच्या पोटाशी, पाचवा डबा निघाला. वहीत त्याच्या आधी अकराच नावं होती. परीक्षितने बारावं नाव लिहिलं, तारीख घातली, वेळ लिहिली: अकरा वाजून दहा मिनिटं. झाकण लावताना त्याला फार समाधान वाटलं, आणि ते पाऊण तास टिकलं.

कारण बाराच्या सुमाराला, तो होडीकडे परत येत असताना, हेलिकॉप्टर आलं.

ते समुद्राकडून आलं, केंद्रावरून वळलं आणि खाली उतरत किनाऱ्याकडे गेलं. अणुवीज केंद्र! बंद असलं म्हणून काय झालं? तिथे बंदूकधारी पोलीस असतात, कॅमेरे असतात. त्या कॅमेऱ्यांना काय दिसलं असेल? एक सावळा माणूस, अंगावर काही नाही, वाट सोडून चाललेला, गळ्यात कसलंसं यंत्र. आपण स्वतः त्या कॅमेऱ्यामागे असतो तर आपणही हेलिकॉप्टर बोलावलं असतं, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं.

जवळच महायुद्धातली एक सिमेंटची कोठडी होती, अर्धी गोट्यांत गाडली गेलेली. परीक्षित पळाला. गोट्यांवर पळता येत नाही, तरी पळाला, आणि कोठडीत शिरून भिंतीशी अंग चोरून बसला. आत गारठा होता, कोपऱ्यात खाजकुयलीसारखी कसलीतरी पानं उगवली होती, आणि त्यांचा अनुभव त्याला बसल्या बसल्या आलाच.

तिथे बसून त्याने जेवढा विचार केला तेवढा लग्न ठरवतानाही केला नव्हता. अर्जात एक प्रश्न असतो, तुमच्या चारित्र्याबद्दल. कधी अटक, कधी ताकीद, कधी चौकशी? पाच वर्षं त्याने पार्किंगचा दंडसुद्धा होऊ दिला नव्हता. आणि आता त्या चौकटीत काय लिहायचं? नोकरी तर गेल्यात जमा, वर हे. पूर्वीला पोलिसांचा फोन जाईल. मॅडम, तुमचे मिस्टर आम्हाला नागडे सापडले. ती काय म्हणेल? शाळेत तिने नुकतीच असिस्टंटची नोकरी धरली होती, तिथे कळेल. मराठी मंडळात कळेल. सुप्रभाताईंना कळलं की मेडनहेडपासून शेजारच्या स्लाऊ गावापर्यंत सांगायला दुसरं कुणी लागत नाही. प्रत्येक शक्यतेला त्याने एकेक उत्तर तयार केलं, घोकलं, मोडलं, पुन्हा तयार केलं. हेलिकॉप्टर जात होतं आणि परत येत होतं. घशाला कोरड पडली होती आणि बाटली पळताना कुठेतरी पडली होती.

बंदूक चालवायला भिंतीत ठेवलेली एक आडवी खाच होती. बऱ्याच वेळाने त्याने तिथून डोळा लावून पाहिलं. समुद्रात एक नारिंगी लाइफबोट होती. ती किनाऱ्याला धरून सरळ जायची, वळायची, थोडी आत सरकून पुन्हा सरळ यायची. किनाऱ्यावर निळ्या कपड्यांतली माणसं अंतराअंतरावर उभी होती, दुर्बिणी लावून.

अरे! कुणीतरी बुडालंय.

परीक्षितचा जीव भांड्यात पडला. हे आपल्यासाठी नाहीच. कुणीतरी बिचारा पोहायला गेला असेल. इथे ओढ फार असते म्हणे. त्याला खरंच वाईट वाटलं. त्याचे घरचे लोक कुठे असतील, त्यांना कळलं असेल का, असंही मनात आलं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोला, मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याला हायसं वाटत होतं. ही माणसं गेली की जायचं, कपडे घालायचे, चार वाजेपर्यंत घरी.

मग त्याच्या लक्षात आलं, की त्या सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे आहेत. माळाकडे कुणी पाहतच नव्हतं. तो तासभर ज्या नजरा चुकवून बसला होता त्या एकजात पाण्याकडे लागल्या होत्या. आणि त्या रांगेच्या मधोमध, मोडक्या होडीपाशी, एक पोलीसबाई उभी होती. तिने पारदर्शक पिशवी हातात धरली होती. पिशवीत हळदी रंगाचं काहीतरी होतं.

तो रंग तीनशे मीटरवरूनही ओळखू यायचा. म्हणून तर तो गावात कधी घालत नसे.

परीक्षित खाली बसला. पुन्हा उठला. जुळवून ठेवलेली सँडल्स त्याच्या डोळ्यांपुढे आली, रुमालात बांधलेली अंगठी आली, कॉलर वर काढून घातलेली शर्टाची घडी आली. पाण्यापासून दहा पावलांवर. आणि पँटच्या मागच्या खिशातलं ते पत्र, ज्यावर त्याचं नाव होतं, घरचा पत्ता होता, आणि पहिल्याच ओळीत ती बातमी होती. त्याने स्वतःच्या हाताने हे सगळं इतकं नेटकं मांडून ठेवलं होतं, की शहाण्यातला शहाणा माणूसही त्याचा एकच अर्थ लावेल. आणि घरी फोन केव्हाच गेला असणार. नागड्या नवऱ्याचा नव्हे. बुडालेल्या नवऱ्याचा.

तो कोठडीतून बाहेर पडला तेव्हा त्याला आत राहिलेल्या टोपीची आठवणही राहिली नव्हती. तीनशे मीटर तो उन्हात, उघड्या माळावरून, सरळ त्या पाठींच्या दिशेने चालत गेला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. पुढे धरले तर तोल जायचा, म्हणून सोडून दिले. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईंच्या कुत्र्याने त्याला पाहिलं आणि ते भुंकलं. मग त्या बाईंनी पाहिलं. मग पोलीसबाई वळल्या.

"एक्स्क्यूज मी," परीक्षित म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "तुम्ही शोधताय तो मीच आहे. आय ॲम व्हेरी सॉरी."

मग कुणीतरी रेडिओवर बोलायला लागलं, कुणीतरी चंदेरी कागदासारखं ब्लँकेट त्याच्या अंगाभोवती गुंडाळलं, कुणीतरी त्याला पाणी दिलं. पोलीसबाई पन्नाशीच्या होत्या, चेहरा उन्हाने लाल झालेला. त्यांनी त्याला लागलंय का विचारलं, मग काही गोळ्या वगैरे घेतल्यात का विचारलं, मग अगदी हळू आवाजात, आज स्वतःचं काही बरंवाईट करायचा विचार होता का, तेही विचारलं. नाही, तो म्हणाला. मी डबा शोधत होतो. आणि त्याने ओल्ड मॅकरेलचे नियम त्यांना पहिल्यापासून समजावून सांगितले. ते सांगताना जगात कुणी इतकं मूर्ख दिसलं नसेल, असं त्याला वाटलं.

"मला अटक होणार का?" त्याने शेवटी विचारलं.

"कशाबद्दल, लव्ह? कपडे काढल्याबद्दल?" बाईंनी मान हलवली. "नाही. पण त्या बोटीवरची माणसं आपापली कामं टाकून आलीत. ती परत आली की त्यांना भेटून जा."

ज्याला भिऊन तो तासाच्या वर लपून बसला होता ते एवढ्यात संपलं. मग त्यांनी त्याला बाकीचं सांगितलं. या आजी कुत्र्याला फिरवत होत्या. शर्टाच्या घडीत काहीतरी सारखं थरथरतंय हे त्यांना दिसलं. दोनदा त्यांनी सोडून दिलं, तिसऱ्यांदा उचललं. तुमच्या मिसेसचा फोन होता. येताना दूध आणायला सांगायला केला होता.

परीक्षितने डोळे मिटले.

"त्या निघाल्या आहेत," पोलीसबाई म्हणाल्या. "एक मैत्रीण गाडी चालवतेय. मी आत्ताच त्यांना कळवलंय तुम्ही सापडलात म्हणून. लाइनवर आहेत." त्यांनी एका हाताने त्याची पँट पुढे केली आणि दुसऱ्या हाताने फोन.

त्याने आधी फोन घेतला.

"पूर्वी," तो म्हणाला. पलीकडून मोटरवेचा आवाज येत होता. मग एकदम मायरा ओरडली. "बाबा! तू बुडली नाही ना?"

"नाही गं सोन्या. मी पाण्यात गेलोच नव्हतो."

"ममा खूप रडली. सुप्रभा आंटी पण रडली. आता ती म्हणते—" पुढचं काही कळलं नाही, फोन कुणीतरी घेतला.

"बरा आहेस?" पूर्वी म्हणाली.

"हो. पूर्वी, ऐक, हे सगळं म्हणजे, मी कपडे का काढले ते मी तुला—"

"पत्र कधीचं आहे?"

त्याने तासभर घोकलेली उत्तरं दुसऱ्याच प्रश्नांची होती. हा प्रश्न त्यात नव्हताच.

"तीन आठवडे झाले."

गाडी चालवता चालवता सुप्रभाताई मायराला काहीतरी खाऊन घे म्हणत होत्या, ते ऐकू येत होतं.

"त्यांनी मला विचारलं," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज सपाट झाला होता. "मिस्टर कसल्या टेन्शनमध्ये होते का? मी म्हटलं नाही. परत विचारलं, ऑफिसमध्ये काही? मी म्हटलं, अहो, काही असतं तर त्याने मला सांगितलं असतं. तो मला सगळं सांगतो. इंग्लिशमध्ये सांगितलं, एकदा नाही, चारदा सांगितलं. मी भांडले त्यांच्याशी, परीक्षित. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, म्हटलं, तो माणूस वेगळा आहे. मग त्या बाईंनी मला ते पत्र वाचून दाखवलं. हळूहळू, एकेक ओळ. मला समजावं म्हणून."

"पूर्वी—"

"मी कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलत होते रे एवढा वेळ?"

चंदेरी ब्लँकेट वाऱ्याने फडफडत होतं. तो भीतीने कितीतरी वेळा हादरला होता त्या तीन आठवड्यांत, पण लाज त्याला आज पहिल्यांदा वाटत होती, आणि ती अंगावर कपडे नसल्याची नव्हती.

"मी कपडे घालतो आणि लगेच परत फोन करतो," तो कसाबसा म्हणाला. "दोन मिनिटं. मग सगळं सांगतो."

"नको." ती म्हणाली. "कपडे घातलेस की तू पुन्हा काहीतरी चांगलं, नीट लावून सांगशील. मला माहितीये. तू आहेस तसाच उभा राहा आणि सांग. आत्ता."

पोलीसबाई अजून पँट हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आजींनीही कुत्र्याचा पट्टा ओढून त्याला तिकडे वळवलं.

"गुरुवार होता," परीक्षित म्हणाला. "चार वाजता मीटिंग होती. मला वाटलं प्रमोशनचं असेल. मी शर्टसुद्धा बदलला होता त्यासाठी, तुला आठवतंय? तू विचारलं होतंस का बदलतोयस म्हणून, आणि मी..."

"आठवतंय," पूर्वी म्हणाली. "पुढे सांग."